रेडिओ केंद्र विकले गेल्याची चर्चा ऐकू आली, तर ती कशी तपासावी

रोहिणी नक्षत्र संपत आले होते आणि कृषी केंद्रांपुढे बियाण्याची पोती उतरत होती, तेव्हा आमच्या भागातील अशाच एका कृषी केंद्राच्या दुकानदाराचा मला फोन आला. "भाऊ, तो रेडिओ इकला म्हणतेत. आता नुसते हिंदी गाणे लावनार. आपली जाहिरात बंद करा," असे ते म्हणाले. मी अकोला जिल्ह्यात राहतो आणि कृषी केंद्रे, सराफ, शाळा व मंगल कार्यालये यांच्या रेडिओ जाहिराती नोंदवून देण्याचे काम करतो. पेरणीच्या तोंडावर १५ दिवसांची जाहिरात रद्द झाली. चौकशी केली तेव्हा समजले की सकाळच्या कार्यक्रमाची निवेदिका बाळंतपणाच्या रजेवर गेली होती आणि तिच्या जागी दुसरा आवाज आला होता. विक्री झालेली नव्हती आणि कार्यक्रमही बदललेले नव्हते. दुकानदाराचा हंगाम मात्र गेला. तेव्हापासून अशी प्रत्येक बातमी मी ज्या क्रमाने तपासतो, तो क्रम येथे लिहीत आहे.

सर्वांत आधी ते केंद्र कोणत्या प्रकारचे आहे हे विचारावे. आपल्याकडे तीन प्रकारचे रेडिओ ऐकू येतात आणि त्यांपैकी एकाच प्रकारात विक्री होऊ शकते, म्हणून निम्म्याहून अधिक अफवा या एका प्रश्नावरच गळून पडतात.

पहिला प्रकार आकाशवाणीचा. नागपूर केंद्र १६ जुलै १९४८ रोजी सुरू झाले. देशभरातील आकाशवाणी १९९७ पासून प्रसार भारती या स्वायत्त महामंडळाकडे आहे. तिचे एखादे केंद्र कोणी व्यापारी विकत घेऊ शकत नाही. त्यामुळे आपल्या जिल्ह्याचे आकाशवाणी केंद्र "विकले" असे कोणी सांगितले, तर पुढे ऐकण्याचेही कारण नाही. "बंद होणार" किंवा "कार्यक्रम दुसरीकडून येणार" असे कोणी म्हणाले, तर मात्र ते गांभीर्याने घ्यावे, कारण तसे खरोखर घडते. नागपूरहून मध्यम लहरींवर रात्रभर ऐकू येणारी राष्ट्रीय वाहिनी १९८८ मध्ये सुरू झाली होती आणि २०१८ च्या अखेरीस ती बंद करण्याचा आदेश निघाला. जून २०२३ मध्ये पुणे केंद्राचा प्रादेशिक वृत्तविभाग बंद करून तेथील बातमीपत्रे छत्रपती संभाजीनगरहून देण्याचा निर्णय झाला. त्यावर मोठी नाराजी व्यक्त झाली आणि काही दिवसांतच त्या निर्णयाला स्थगिती मिळाली. त्या आठवड्यात ज्याने पहिला संदेश पुढे पाठवला तो खरे सांगत होता. तोच संदेश ज्याने महिनाभराने पाठवला तो, त्याला कल्पना नसली तरी, खोटे सांगत होता. म्हणून आकाशवाणीसंबंधीच्या कोणत्याही बातमीवर आधी तारीख शोधावी.

याच प्रकारात आणखी एक घोटाळा होतो. २८ एप्रिल २०२३ रोजी देशात एकाच दिवशी १०० वॅटचे ९१ एफएम प्रक्षेपक सुरू करण्यात आले. असा लहान प्रक्षेपक तालुक्याच्या गावी लागला की "आपल्या गावात नवे रेडिओ केंद्र आले" अशी चर्चा होते आणि काही महिन्यांनी स्थानिक कार्यक्रम ऐकू येत नाहीत म्हटल्यावर "ते केंद्र बंद पाडले" अशी दुसरी चर्चा उठते. वास्तविक अशा ठिकाणी बहुधा स्टुडिओ नसतोच. दुसऱ्या केंद्राचा कार्यक्रम उचलून पुढे देणे एवढेच त्या यंत्राचे काम असते. तिथे निवेदक बसतो का, हे विचारले की उलगडा होतो.

दुसरा प्रकार सामुदायिक रेडिओचा. तो शिक्षणसंस्था, कृषी विज्ञान केंद्र किंवा नोंदणीकृत सेवाभावी संस्था चालवते. व्यक्ती, राजकीय पक्ष आणि नफ्यासाठी चालणारी कंपनी यांना तो मिळत नाही, आणि मिळालेली परवानगी दुसऱ्याच्या नावे करता येत नाही. तेव्हा "अमुक नेत्याने सामुदायिक रेडिओ विकत घेतला" ही बातमी त्या शब्दांत खरी असू शकत नाही. संस्थेचे विश्वस्त मंडळ बदलून तिचा कारभार वेगळ्या गटाच्या हाती जाणे मात्र शक्य आहे, आणि त्याची खातरजमा धर्मादाय आयुक्तांच्या कार्यालयातील बदल अहवालावरून होते. कार्यक्रम बदलल्याची तक्रार असेल तर नियमातील एक गोष्ट लक्षात ठेवावी: किमान निम्मे कार्यक्रम स्थानिक लोकांच्या सहभागाने तिथेच तयार झालेले असले पाहिजेत. २०२४ च्या सुधारित मार्गदर्शक सूचनांनुसार त्यांना तासाला १२ मिनिटे जाहिराती घेता येतात. त्यामुळे जाहिराती वाढल्या म्हणजे केंद्र व्यापाऱ्याच्या हाती गेले, असा अर्थ काढू नये.

तिसरा प्रकार खासगी एफएमचा. आपल्या भागात तो नागपूर आणि अकोल्यासारख्या शहरांतून येतो. विक्रीची चर्चा खरी ठरू शकते ती येथेच, म्हणून येथे थोडे खोलात जावे लागते.

खासगी केंद्राजवळ सर्वांत मोलाची वस्तू म्हणजे केंद्र सरकारच्या माहिती व प्रसारण मंत्रालयाने दिलेला परवाना. तो १५ वर्षांचा असतो. सरकारच्या खासगी एफएम परवाना धोरणाच्या तिसऱ्या टप्प्यात घेतल्या गेलेल्या जुन्या केंद्रांची मुदत १ एप्रिल २०१५ पासून मोजली जाते, म्हणजे ती ३१ मार्च २०३० रोजी संपते. ही तारीख मनाशी धरली की पुष्कळ तर्क सोपे होतात. मुदत जवळ येईल तशी विकत घेणाऱ्याच्या हाती उरणारी वर्षे कमी होतात, म्हणून अशा केंद्रासाठी कोणी अफाट किंमत दिल्याची कथा सावधपणे ऐकावी. ज्यांचे परवाने नंतरच्या लिलावांतून मिळाले, त्यांची मुदत वेगळी असते.

मंत्रालयाच्या पूर्वपरवानगीशिवाय परवाना दुसऱ्या कंपनीकडे जात नाही. नव्या केंद्राच्या मुख्य भागधारकांना प्रसारण सुरू झाल्यापासून पहिली ३ वर्षे आपला हिस्सा नव्या माणसाला देऊन बाहेर पडता येत नाही. हा नियम आपल्यासाठी महत्त्वाचा आहे, कारण २८ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने २३४ शहरांतील ७३० नव्या वाहिन्यांच्या लिलावाला मंजुरी दिली आणि त्या यादीत चंद्रपूर, यवतमाळ, वर्धा, गोंदिया व अचलपूर ही आपली गावे आहेत. लिलावाला मंजुरी मिळणे, बोली लागणे, करार होणे आणि आवाज ऐकू येणे या चार वेगवेगळ्या पायऱ्या आहेत, पण गावात पहिल्या पायरीलाच चौथी समजून पेढे वाटले जातात. तसेच एका शहरातील एकूण वाहिन्यांपैकी ४० टक्क्यांहून अधिक एकाच मालकाकडे राहू शकत नाहीत आणि शहरात किमान तीन वेगवेगळे मालक असावे लागतात. सहा वाहिन्या असलेल्या शहरात एकाला जास्तीत जास्त दोनच ठेवता येतील. तेथे कोणी "आता चार केंद्रे एकाच शेठची झाली" असे म्हणत असेल, तर बोटांवर हिशेब करून त्याला उत्तर देता येते.

व्यवहार जाहीर झाला तरी तो पूर्ण झाला असे धरू नये. रेडिओ सिटी चालवणाऱ्या कंपनीने २०१९ मध्ये बिग एफएम घेण्याचा सुमारे १,०५० कोटी रुपयांचा व्यवहार जाहीर केला होता. तो पूर्ण झालाच नाही. पुढे बिग एफएमची कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली आणि २०२४ मध्ये राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाने सॅफायर मीडिया या तिसऱ्याच कंपनीची योजना मंजूर केली. एवढ्या उलथापालथीत श्रोत्याच्या कानावर मात्र तेच नाव पडत राहिले. मालक बदलतो आणि आवाज तोच राहतो, किंवा आवाज बदलतो आणि मालक तोच राहतो. या दोन गोष्टी नेहमी वेगळ्या तपासाव्यात.

मालक तपासण्याचा माझा सर्वांत भरवशाचा पुरावा माझ्या फायलीतच असतो, आणि तो म्हणजे केंद्राकडून आलेले जाहिरातीचे बिल. बिलावर वाहिनीचे लाडके नाव ठळक असते, पण खाली बारीक अक्षरांत कंपनीचे नाव आणि १५ अक्षरी जीएसटी क्रमांक असतो. त्यातील पहिले दोन आकडे राज्याचे असतात, महाराष्ट्रासाठी २७, आणि पुढची दहा अक्षरे म्हणजे त्या कंपनीचा पॅन क्रमांक. मागच्या वर्षीचे आणि या महिन्याचे बिल शेजारी ठेवून ती दहा अक्षरे जुळवावीत. ती बदलली असतील तर परवाना किंवा धंदा खरोखर दुसऱ्या कंपनीकडे गेला आहे. ती तीच असतील, तर एक शक्यता उरते की कंपनी तीच राहून तिचे भाग (शेअर) विकले गेले. त्यासाठी कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर त्या कंपनीच्या संचालकांची नावे पाहावीत. आपण जाहिरातदार नसाल तर ओळखीच्या दुकानदाराकडे बिल मागावे. कोणी नाही म्हणत नाही.

मूळ कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल, तर महत्त्वाचा व्यवहार तिला बाजाराला कळवावाच लागतो आणि ते निवेदन बाजाराच्या संकेतस्थळावर कोणालाही वाचता येते. कंपनीने अफवेचे खंडन केले नाही, यावरून मात्र ती खरी असे मानू नये. वर्तमानपत्रांतील अफवेला २४ तासांत उत्तर देण्याचे बंधन बाजारमूल्यानुसार पहिल्या २५० कंपन्यांवरच आहे.

आता कार्यक्रमांच्या बदलाकडे वळू. यासाठी एक वही, एक आठवडा आणि शांत कान लागतात. सकाळी ७ ते ८, दुपारी एखादा तास आणि संध्याकाळी ७ नंतर, असे तीन वेळा ऐकावे आणि मराठी गाणी किती, हिंदी किती, बोलणे किती मिनिटे, स्थानिक दुकानांच्या जाहिराती किती, हे टिपावे. एका दिवसावरून निष्कर्ष काढू नये. एखाद्या गायकाच्या निधनानंतर दोन दिवस वेगळी गाणी वाजतातच. निवेदक गावांची, चौकांची, बाजार समितीची नावे घेतो का, याची स्वतंत्र नोंद ठेवावी. ज्या निवेदकाचा कार्यक्रम दूरच्या शहरात ध्वनिमुद्रित होऊन अनेक केंद्रांवर एकाच वेळी जातो, तो "आपल्या शहरात" असे म्हणतो पण शहराचे नाव घेत नाही, वेळ सांगत नाही आणि पावसाबद्दल बोलत नाही. मी पोळ्याच्या दुसऱ्या दिवसाची वाट पाहतो. विदर्भात बसलेला निवेदक त्या दिवशी तान्ह्या पोळ्याबद्दल, लाकडी बैल घेऊन निघालेल्या पोरांबद्दल बोलल्यावाचून राहत नाही. त्या सकाळी कोणी अवाक्षरही काढले नाही, तर कार्यक्रम बाहेरून येत आहे हे मी वहीत लिहून ठेवतो. ही खूण मला आजवर कोणत्याही बातमीपेक्षा अधिक उपयोगी पडली आहे.

काही बदल होऊच शकत नाहीत, हेही माहीत असावे. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याची परवानगी नाही. आकाशवाणीच्या बातम्या आहेत तशा देता येतात. म्हणून "ते केंद्र आता चोवीस तास बातम्यांचे होणार" ही चर्चा आजच्या नियमांत बसत नाही.

कानाची फसवणूक हवामानही करते. वळवाच्या पावसात वीज पडून प्रक्षेपक बंद पडला की केंद्र दोन दिवस मुके होते आणि लगेच "टाळे लागले" अशी बातमी पसरते. उलट हिवाळ्यात, वारा पडलेला असताना, पहाटे जमिनीलगतच्या थंड हवेवर उबदार हवेचा थर बसतो आणि दूरच्या शहराची केंद्रे कापूस वेचणाऱ्याच्या मोबाईलवर स्वच्छ ऐकू येतात. ऊन चढले की ती नाहीशी होतात. त्यामुळे नवे केंद्र सापडले असे वाटल्यास त्याच जागी दुपारी १२ वाजता पुन्हा ऐकावे. मोबाईलवर ऐकताना इअरफोनची तार हीच अँटेना असते, म्हणून ती गुंडाळून न ठेवता मोकळी सोडावी.

एवढे करूनही शंका उरली तर माहितीच्या अधिकारात विचारावे. अर्जाचे शुल्क १० रुपये आहे आणि उत्तर ३० दिवसांत देणे बंधनकारक आहे. आकाशवाणीबद्दल प्रसार भारतीकडे, खासगी व सामुदायिक केंद्रांबद्दल माहिती व प्रसारण मंत्रालयाकडे अर्ज करावा. "केंद्र विकले का?" असा मोघम प्रश्न लिहू नये, कारण त्याचे उत्तरही मोघमच येते. "अमुक शहरातील अमुक वारंवारतेचा परवाना आज कोणत्या कंपनीच्या नावे आहे, त्याची मुदत कोणत्या तारखेला संपते आणि गेल्या १२ महिन्यांत भागधारणा बदलण्यासाठी परवानगी मागितली गेली आहे का," असे तीन सुटे प्रश्न विचारावेत.

उत्तर येईपर्यंत कोणी विचारलेच, तर मी आता एवढेच सांगतो: "बिलावर जुनीच कंपनी आहे, सकाळचा निवेदक बदलला आहे, मंत्रालयाकडे अर्ज केला आहे." गेल्या खरिपात त्याच कृषी केंद्राच्या मालकांना मी हे तीन वाक्यांत सांगितले, दोन बिले काउंटरवर ठेवून ती दहा अक्षरे दाखवली, आणि त्यांनी जाहिरात चालू ठेवली.