वाफेवर लाकूड वाकवताना या चुका टाळा

होडीची फासळी, म्हणजे फळ्यांना आतून आधार देणारी वाकवलेली पट्टी, वाकवताना मोडली की पहिला संशय वाफेवर जातो. पुढची फासळी अर्धा तास जास्त शिजवली जाते आणि तीही तिथेच मोडते. माझ्या मते बहुतेक मोडतोड वाफपेटीत, म्हणजे लाकूड वाफवायच्या पेटीत, होत नाही, ती वखारीत लाकूड निवडतानाच ठरलेली असते.

सर्वांत महाग पडणारी चूक म्हणजे भट्टीत सुकवलेलं लाकूड घेणं. लाकडाचे तंतू लिग्निन नावाच्या द्रव्याने बांधलेले असतात. ओल्या लाकडात ते 100 अंश सेल्सिअसच्या आसपास मऊ होतं, तंतू एकमेकांवरून सरकतात आणि गार झाल्यावर नव्या जागी घट्ट बसतात. भट्टीतून निघालेल्या लाकडात ही लवचिकता पुरेशी परत येत नाही, मग ते पाण्यात कितीही भिजवा. ताजं कापलेलं किंवा उघड्या हवेत थोडंफार वाळलेलं लाकूड घ्यावं. युरोपात एकावर एक फळ्या चढवून बांधलेल्या होड्यांच्या फासळ्यांना ओक वापरतात, कारण तो वाफेवर चांगला वाकतो. अ‍ॅश आणि एल्म या झाडांचं लाकूडही छान वाकतं.

त्यानंतर लाकडाच्या रेषा, म्हणजे तंतू कुठल्या दिशेने धावतात ते, बघा, आणि इथे घाई अजिबात नको. रेषा फासळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत सरळ धावायला हव्यात. 15 सेंटिमीटर लांबीत रेषा 1 सेंटिमीटरपेक्षा जास्त तिरकी जाऊन कडेला बाहेर पडत असेल, तर ती पट्टी बाजूला ठेवा. गाठ अगदी बारीक असली तरी नकोच. करवतीने कापण्यापेक्षा ओंडका पाचर मारून फोडला, तर चीर आपोआप रेषेच्या बाजूने जाते. वार्षिक वलयं होडीच्या फळीला समांतर राहतील अशी फासळी बसवा, म्हणजे वाक चांगला येतो आणि खिळा ठोकताना ती चिरत नाही.

बाहेरच्या बाजूला कूस निघते

वाफवलेलं लाकूड दाबलं तर 25–30 टक्क्यांपर्यंत आखडू शकतं, पण ताणलं तर जेमतेम 1–2 टक्केच लांबतं. म्हणून वाकाच्या बाहेरच्या अंगाला धातूची पट्टी लावून दोन्ही टोकांना ठोकळे घट्ट बसवतात. ताण पट्टी घेते आणि लाकूड फक्त दाबलं जातं. ओकवर साधी लोखंडी पट्टी लावू नका. ओकमधल्या टॅनिन नावाच्या द्रव्यामुळे लाकडावर काळे डाग पडतात. स्टेनलेस स्टीलची वापरा.

वाफ कमी आणि वाफ जास्त

25 मिलिमीटर जाडीला एक तास हा जुना हिशेब आजही चालतो, पण घड्याळ पेटी पूर्ण तापल्यावरच लावायचं. मधेच पाणी संपलं तर तो तास वाया गेला. आत लाकडाच्या पट्ट्या एकमेकींना चिकटून ठेवू नका, आडव्या दांड्यांवर सुट्या ठेवा. पेटी हवाबंद करू नका. वाफेला बाहेर पडायला वाट आणि पाणी निथळायला उतार हवा. आणि जास्त वेळ शिजवलं की लाकूड जास्त वाकतं हा गैरसमज आहे. तंतू दुबळे होऊन आतल्या अंगाला सुरकुत्या पडतात.

साच्यापर्यंत पोहोचेपर्यंत गार

पातळ फासळी बाहेर काढल्यावर हातात जेमतेम अर्धं मिनिट असतं. साचा, क्लॅम्प, हातमोजे आणि दुसरा माणूस, सगळं आधीच जागेवर हवं. वाफ न देता एकदा तालीमही करून बघा. एकदा सुरुवात केली की मधे थांबू नका, सलग दाब द्या. सुटल्यावर वाक थोडा उघडतो, म्हणून साचा हव्या त्या वाकापेक्षा जरा जास्त वळणाचा ठेवावा आणि लाकूड पूर्ण गार व्हायच्या आत सोडू नये.

फळी बसतच नाही

फळी नुसती वाकत नाही, तिला पीळही द्यावा लागतो. गोव्यात बांधलेली ‘आयएनएसव्ही कौंडिण्य’ 2025 मध्ये नौदलात आली. अजिंठ्याच्या भित्तिचित्रावरून साकारलेल्या या शिवलेल्या जहाजाच्या फळ्या वाफेनेच आकाराला आणल्या आणि मग काथ्याच्या दोरीने शिवल्या. थंड फळी ओढून बसवली असती, तर सगळा भार टाक्यांवर आला असता. लांब फळी पेटीत मावत नसेल तर ती होडीवरच जागेवर धरा, तिच्यावर जाड प्लास्टिकची नळी चढवून आत वाफ सोडा आणि जसजशी मऊ होईल तसतसे क्लॅम्प आवळत न्या.

पेटीचं दार उघडताना समोर नाही, बाजूला उभे राहा. पहिला लोट सरळ तोंडावर येतो.