रोजच्या वापरातील फोर-बाय-फोर पिकअप: घरच्या घरी करावयाचे बदल आणि देखभाल

भोर तालुक्यातील गावातून शिरवळच्या औद्योगिक वसाहतीत रोज साठेक किलोमीटरची जा-ये, आठवड्यातून एकदा खताची पोती किंवा भाजीचे क्रेट घेऊन शेतापर्यंतची कच्ची वाट, आणि वर्षातून काही वेळा वरंध घाटाने महाडकडे उतरणे, एवढे काम माझी इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस करते. ही गाडी भारतात २०१६ मध्ये आली आणि माझ्याकडे आहे ते सुरुवातीचे, अडीच लिटर डिझेल इंजिनाचे १३४ अश्वशक्तीचे मॉडेल. खाली शिडीसारखी चेसिस, मागे कमानपाटे आणि हवी तेव्हा जोडता येणारी फोर-व्हील ड्राइव्ह (चारही चाकांना इंजिनाची ताकद देणारी यंत्रणा) ही रचना टोयोटा हायलक्स, महिंद्रा गेटअवे किंवा टाटा झेनॉनच्या फोर-बाय-फोर मॉडेलांतही असल्यामुळे पुढील बहुतेक सूचना त्यांनाही लागू पडतील. मात्र तेलाचा प्रकार, त्याचे प्रमाण आणि नट किती आवळायचे हे आकडे प्रत्येकाने आपापल्या गाडीच्या पुस्तिकेतूनच घ्यावेत.

जी गाडी सोमवारी सकाळी साडेसातला कामावर न्यायची आहे, तिच्यावर रविवारी काय बसवायचे हे ठरवताना मी एकच प्रश्न विचारतो: हे बसवल्यावर त्याची निगा मला स्वतःच्या हातांनी राखता येईल का? केवळ सहलीला जाणाऱ्या गाडीचे उत्साहात केलेले बदल चार महिने झाकून ठेवता येतात, पण रोजच्या गाडीवरचा प्रत्येक जादा किलो रोज डिझेल खातो आणि प्रत्येक जादा जोड रोज हलतो.

बदलांपूर्वी कायदा आणि वजन

मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल वाहनात करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हेच ठामपणे सांगितले. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर अशा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंडाची, सहा महिन्यांपर्यंत कैदेची किंवा दोन्हींची तरतूद आली. पुढे लावायच्या लोखंडी बुल बारवर कारवाई करण्याच्या सूचना केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्येच राज्यांना दिल्या होत्या, आणि त्या मागचे कारण पटण्यासारखे आहे: असा बार पादचाऱ्याला जबर इजा करतो आणि टक्कर झाल्यावर चुरगळून धक्का शोषून घेण्याचे गाडीच्या पुढच्या भागाचे काम त्यामुळे बिघडू शकते. शिवाय अपघातानंतर विमा कंपनी याच बदलांविषयी प्रश्न विचारू शकते. म्हणून या लेखात बुल बार, कापलेले फेंडर, बदललेला सायलेन्सर यांचा विचार केलेला नाही.

उंची वाढवण्याविषयीही माझे मत स्पष्ट आहे. दीड-दोन इंचांपेक्षा जास्त लिफ्ट केल्यास पुढच्या ड्राइव्ह शाफ्टचे सांधे वाकड्या कोनात फिरू लागतात, त्यांवरची रबरी आवरणे (बूट) लवकर फाटतात, स्टिअरिंगची भूमिती आणि हेडलाइटचा रोख बदलतो, आणि घाटातल्या वळणावर गाडी अधिक झुकते. ज्यांच्या मागच्या हौद्यात नेहमी भार असतो त्यांनी जादा पाटा घालण्याचा मोह होईल तेव्हा हेही लक्षात घ्यावे, की तोच पाटा रिकाम्या गाडीला रोज खडखडत नेईल. जुने शॉक ॲब्सॉर्बर गळू लागले असतील तर आधी ते बदलून पाहावेत. अनेकांची ‘गाडी बसली’ ही तक्रार तेवढ्यानेच बरीच कमी होते.

टायर

माझ्या गाडीचा मूळ टायर २४५/७० आर १६ आहे. त्याचा व्यास साधारण ७४९ मिलिमीटर भरतो. अनेक जण त्याऐवजी २६५/७० आर १६ बसवतात, ज्याचा व्यास ७७७ मिलिमीटर होतो. म्हणजे खालची मोकळी उंची फक्त १४ मिलिमीटरने वाढते, पण स्पीडोमीटर आणि किलोमीटरची नोंद साधारण ३.६ टक्क्यांनी कमी दाखवू लागते, इंजिनाला उंच गिअरमध्ये गाडी ओढताना जास्त श्रम पडतात आणि पूर्ण स्टिअरिंग वळवल्यावर टायर मडगार्डच्या आतल्या अस्तराला घासण्याची शक्यता राहते. इतक्या अल्प लाभासाठी एवढे सोसण्यापेक्षा मूळ मापातच ऑल-टेरेन (डांबर आणि कच्ची वाट दोन्हींसाठीच्या) नक्षीचा टायर घ्यावा आणि त्यावरचा भार-निर्देशांक (टायर किती वजन पेलतो हे सांगणारा आकडा) मूळ टायरपेक्षा कमी नाही याची खात्री करावी. मड-टेरेन टायर चिखलणीच्या शेतात उत्तम पकडतो. पण ओल्या डांबरावर ब्रेक दाबताना तो तितका भरवशाचा राहत नाही, आणि रोजचे साठ किलोमीटर डांबरावरच जायचे असतात.

टायर बदलताना दुकानात हवेच्या बंदुकीने नट आवळले जातात. एकदा असेच आवळलेले नट पंक्चरच्या वेळी, भर पावसात, गाडीतल्या पान्याने मला सुटले नाहीत आणि रस्त्यावरच्या ट्रकवाल्याकडून लांब पाइप मागून आणावा लागला. तेव्हापासून घरी आल्यावर सर्व नट सैल करून टॉर्क रेंचने (ठरावीक जोर दाखवणाऱ्या पान्याने), तिरप्या क्रमाने, पुस्तिकेतील आकड्याइतके पुन्हा आवळतो आणि पन्नास किलोमीटरनंतर एकदा तपासतो.

पाण्यासाठी सर्वांत स्वस्त आणि सर्वांत उपयोगी बदल

पाण्यात उतरणाऱ्या गाडीविषयी स्नॉर्केलची (इंजिनाची हवा उंचावरून घेणाऱ्या नळीची) चर्चा फार होते, पण डिफरन्शियलच्या (ॲक्सलवरच्या, दोन्ही चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरपेटीच्या) ब्रीदरविषयी, म्हणजे हवा जाण्या-येण्याच्या तोंडाविषयी, फारसे कोणी बोलत नाही. मागच्या ॲक्सलच्या माथ्यावर एक छोटी टोपी असते. आतले तेल तापले की प्रसरण पावलेली हवा तिच्यातून बाहेर पडते. घाट उतरून तापलेला ॲक्सल थंड ओढ्यात शिरला की आतली हवा एकदम आकसते आणि ब्रीदरमधून किंवा ऑइल सीलच्या कडेने पाणी आत ओढले जाते. उपाय साधा आहे: ती टोपी काढून तिच्या जागी त्याच आट्यांचा नळीजोड बसवावा, त्याला तेल आणि उष्णता सोसणारी नळी लावावी, पाटे वर-खाली झाल्यावर ती ताणली जाणार नाही इतकी सैल ठेवून चेसिसच्या बाजूने हौद्याच्या वरच्या कडेपर्यंत न्यावी, आणि वरच्या टोकाला धूळ अडवणारा छोटा फिल्टर लावून तोंड खाली वळवावे. हे काम दोन तासांत होते आणि खर्च काहीशे रुपयांचा येतो.

स्नॉर्केल बसवल्यावर इंजिनाची हवा उंचावरून येते, एवढेच खरे. गाडी त्यामुळे जास्त खोल पाण्यासाठी बनत नाही. अल्टरनेटर, वायरिंग आणि दारांची सील तिथल्या तिथेच असतात. वाहत्या पाण्याखाली गेलेल्या फरशी पुलावर तर कोणतीही पिकअप घालू नये, कारण चाकाच्या मध्यापर्यंतचे जोरदार पाणीही गाडी बाजूला लोटू शकते. पाण्यात इंजिन बंद पडले तर पुन्हा स्टार्टर मारू नये; सिलिंडरमध्ये शिरलेले पाणी दाबले जात नाही आणि कनेक्टिंग रॉड वाकतो.

जादा दिवे

शेतावर रात्रीच्या कामासाठी जादा दिवे लावायचे असल्यास हेडलाइटच्या वायरमधून जोड घेऊ नये. हिशोब करून पाहावा: ६० वॅटचे दोन दिवे म्हणजे १२० वॅट, आणि १२ व्होल्टला ते दहा अँपिअर होतात. एवढा प्रवाह बॅटरीपासून स्वतंत्र वायरने रिलेमधून (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या स्विचमधून) जायला हवा, डॅशबोर्डवरच्या स्विचने फक्त रिले चालवावा, अडीच चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर घ्यावी आणि १५ अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या टोकापासून एक वीतभर अंतरातच बसवावा, म्हणजे पुढे कुठेही वायर घासली तरी आग लागण्याआधी फ्यूज उडेल. फायरवॉलच्या (इंजिन आणि केबिन यांमधल्या पत्र्याच्या) भोकात वायर घासू नये म्हणून रबरी ग्रोमेट (कडेची चकती) हवाच. गोठ्याजवळ किंवा धान्याच्या खोलीजवळ गाडी उभी राहत असेल तर नवी वायर नालीदार आवरणातून न्यावी आणि बॉनेट उघडून उंदरांच्या खुणा दर आठवड्याला पाहाव्यात. सार्वजनिक रस्त्यावर हे दिवे बंद आणि झाकलेले ठेवावेत.

गाडीखाली शिरण्यापूर्वी

केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली कधीही जाऊ नये. मागची दोन्ही चाके उचलली की मागच्या चाकांवर चालणारा हँडब्रेक निरुपयोगी होतो, म्हणून पुढच्या चाकांच्या दोन्ही बाजूंना आधी दगड किंवा लाकडी ठोकळे लावावेत, मगच जॅक लावावा आणि चेसिसखाली जॅक स्टँड ठेवावेत. अंगणातली शहाबादी फरशी जॅक स्टँडच्या चार टोकांखाली तडकते. खाली जाड फळी घालावी. सर्व भार स्टँडवर आल्यावर गाडीला हाताने जोरात हलवून पाहावे. आत शिरण्याआधी घरातल्या एका माणसाला सांगून ठेवावे.

तेल, डिझेल आणि हवा

धुळीच्या रस्त्यावर चालणाऱ्या गाडीचे इंजिन ऑइल मी पुस्तिकेतील मुदतीची वाट न पाहता साडेसात हजार किलोमीटरला बदलतो. ड्रेन प्लगचे वॉशर दर वेळी नवे घालावे, नव्या फिल्टरच्या रबरी कडीला तेलाचे बोट फिरवावे आणि तो हातानेच आवळावा. बीएस-सहा प्रदूषण मानकाच्या गाडीत धुराचा कण-फिल्टर असल्याने तिला कमी राखेचे ऑइलच लागते. इथे स्वस्ताई महागात पडते. जुने तेल नाल्यात ओतू नये, डब्यात भरून ते गोळा करणाऱ्या गॅरेजमध्ये द्यावे.

डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठते आणि पावसाळ्यात त्याचे प्रमाण वाढते. दर महिन्याला इंजिन बंद करून, खाली काचेची बरणी धरून, तळाचा प्लग थोडा सैल करावा आणि कपभर द्रव येऊ द्यावा. बरणी दहा मिनिटे स्थिर ठेवली की पाणी असल्यास तळाशी वेगळा थर दिसतो, आणि बरणी तिरकी केली की तो गोळा होऊन पाऱ्याच्या थेंबासारखा सरकतो. असे दिसले तर डिझेल स्वच्छ येईपर्यंत काढावे, प्लग आवळावा आणि हातपंप कडक होईपर्यंत दाबून आत शिरलेली हवा काढावी. सलग दोन महिने पाणी निघाले तर डिझेल भरण्याचा पेट्रोल पंप बदलून पाहावा आणि टाकीचे झाकण तपासावे.

एअर फिल्टरचा कागद बाहेरून जोराच्या हवेने झटकला तर धूळ आत रुतते. हवा आतल्या बाजूने बाहेर आणि हलक्या दाबानेच मारावी. दोन-तीन वेळा असे केल्यावर नवाच घालावा.

डिफरन्शियलचे तेल तपासताना भरण्याचा प्लग सुटतो याची खात्री आधी करावी आणि नंतरच खालचा प्लग काढावा, नाहीतर रिकाम्या ॲक्सलची गाडी अंगणात अडकून पडते. तेल चहासारखे दुधाळ दिसले तर पाणी गेले आहे असे समजून त्याच दिवशी बदलावे.

ग्रीस, पाटे, ब्रेक

प्रोपेलर शाफ्टच्या (गिअरबॉक्सपासून ॲक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याच्या) क्रॉसला, म्हणजे टोकाच्या सांध्याला, ग्रीस निपल (ग्रीस भरायची तोंडे) असतील तर आधी निपल पुसावे, अन्यथा त्यावरची माती ग्रीसबरोबर थेट बेअरिंगमध्ये जाते. मग जुने काळे ग्रीस चारही टोपणांतून बाहेर येईपर्यंत ग्रीस गन चालवावी. गिअर टाकताना मागून ‘टक्’ असा आवाज येऊ लागला, तर गाडी उभी असताना हाताने शाफ्ट पिळून क्रॉसमध्ये खेळ आहे का ते पाहावे. पाट्यांमध्ये तडा आहे का, सेंटर बोल्ट सरळ आहे का, शॅकलचे (पाटा चेसिसला टांगणाऱ्या कडीचे) रबरी बुश फाटले का हे बॅटरीच्या उजेडात महिन्याला बघावे आणि पाटे उघडले असतील तर पाचशे किलोमीटरनंतर यू-बोल्ट पुन्हा आवळावेत.

मागच्या ड्रममध्ये चिखल वाळून राहतो आणि ब्रेक शू आणि ड्रम दोन्ही ओरखडले जातात. चिखलातून आल्यावर ड्रम काढून आतली धूळ ओल्या फडक्याने पुसावी. तोंडाने किंवा हवेने उडवू नये, कारण ती फुप्फुसात जाते. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषते, त्यामुळे लांब उतारावर ते उकळण्याचा धोका वाढतो. दोन वर्षांनी ते बदलावेच.

फोर-व्हील ड्राइव्ह महिन्यातून एकदा दोन-तीन किलोमीटर कच्च्या वाटेवर वापरावी, म्हणजे आतले तेल पसरते आणि ती जोडणारी यंत्रणा जाम होत नाही. कोरड्या डांबरावर मात्र ती जोडून तीव्र वळण घेऊ नये. पुढची-मागची चाके वेगवेगळे अंतर कापतात आणि तो ताण ट्रान्सफर केसवर (पुढच्या-मागच्या चाकांत ताकद वाटणाऱ्या पेटीवर) येतो.

पावसाळ्यानंतर चेसिस

दसऱ्याच्या आसपास रस्ते वाळले की एक पूर्ण दिवस चेसिससाठी राखावा. इंजिनाखाली स्किड प्लेट (दगडांपासून वाचवणारा जाड पत्रा) बसवली असेल तर ती पूर्ण काढावी, कारण तिच्यावर साठलेला चिखल ओल धरून बोल्ट गंजवतो आणि हवा अडवतो. मग चेसिसच्या पोकळ पट्ट्यांना असलेल्या भोकांमधून बागेचा पाइप पुढच्या टोकापासून आत घालावा, तळाची निचऱ्याची छिद्रे काडीने मोकळी करावीत आणि मंद धारेने पाणी सोडावे. घाटमाथ्यावरची आणि कोकणातली जांभ्याची लाल माती आधी दाट काल्यासारखी येते, नंतर फिक्की होते, आणि मध्येच थांबून पुन्हा दाट येते, कारण आतले एखादे ढेकूळ तेव्हाच विरघळलेले असते. पाणी पूर्ण स्वच्छ येऊ लागल्यावरही आणखी पाच मिनिटे पाइप तसाच चालू ठेवावा, गाडी दोन दिवस उन्हात उभी करावी आणि आतून पूर्ण कोरडी झाल्यावर त्याच भोकांमधून लांब नळीने गंजरोधक मेण फवारावे.