गोळीच्या नावाचं शेपूट कसं वाचायचं

गोळ्यांच्या स्ट्रिपवर दोन नावं असतात: एक कंपनीने ठेवलेलं, दुसरं औषधाचं स्वतःचं. घरात पहिलं नाव चालतं, पण कामाचं असतं ते दुसरं. जागतिक आरोग्य संघटना १९५३ पासून ही नावं जाहीर करते आणि एका जातीच्या औषधांना शक्यतो एकच शेपूट देते. औषधाच्या नावापुढे छापलेलं ‘आयपी’ हा त्या नावाचा भाग नाही. औषध भारतीय औषधसंहितेच्या मानकाप्रमाणे आहे, एवढाच त्याचा अर्थ.

औषधांचा डबा ताटात ओता आणि बीपीच्या गोळ्या आधी बाजूला काढा, कारण गफलत तिथेच जास्त होते. टेल्मिसार्टन, लोसार्टन या ‘सार्टन’. रामिप्रिल, एनालाप्रिल या ‘प्रिल’. दोन्ही जाती शरीरातली रक्तवाहिन्या आवळणाऱ्या रसायनांची एकच साखळी तोडतात, म्हणून सहसा एकत्र देत नाहीत. दोन डॉक्टरांकडून दोन कंपन्यांची सार्टन घरात आली आणि दोन्ही सुरू राहिल्या, तर बीपी फार उतरतं, रक्तातलं पोटॅशियम वाढतं, किडनीला त्रास होतो. प्रिलमुळे काहींना कोरडा खोकला लागतो. कफ सिरपने तो हटत नाही. डॉक्टरांनी गोळी बदलली की काही आठवड्यांत जातो. गरोदरपणात या दोन्ही जाती चालत नाहीत. ‘डिपिन’, म्हणजे अम्लोडिपिन वगैरे, घेणाऱ्यांच्या घोट्यांवर सूज येऊ शकते. ‘ओलोल’ नाडी मंद करतात; दमा असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, आणि ही गोळी मनाने एकदम बंद करू नका. धडधड वाढते, हृदयरोग्याला छातीत दुखू लागतं.

शुगरच्या गोळ्यांत ‘ग्लिप्टिन’ तशा सौम्य, एकट्या असताना शुगर सहसा फार खाली नेत नाहीत. ‘ग्लिफ्लोझिन’ साखर लघवीवाटे बाहेर टाकतात, त्यामुळे त्या जागी खाज किंवा बुरशी होऊ शकते. मेटफॉर्मिन जेवणाबरोबर घेतली की पोट कमी बिघडतं. सांभाळायची ती ग्लिमेपिराइड: गोळी घेतली आणि जेवण राहिलं, तर घाम, थरथर, डोळ्यांपुढे अंधारी. एकादशी-चतुर्थी करणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशी काय करायचं ते डॉक्टरांना आधीच विचारून ठेवावं.

कंपनीच्या नावामागचं अक्षरही वाचा. ग्लिमेपिराइडच्या गोळीवरचा ‘एम’ म्हणजे सोबत मेटफॉर्मिन. ‘एम१’, ‘एम२’ मधला आकडा ग्लिमेपिराइडचे मिलिग्रॅम सांगतो. म्हणजे दुकानात एम१ ऐवजी एम२ हाती पडली तर तो डोस दुप्पट. पण ॲलर्जीच्या लिव्होसेटिरिझिनपुढचा ‘एम’ मॉन्टेलुकास्टचा! बीपीच्या गोळीवरचा ‘एएम’ अम्लोडिपिनचा, ‘एच’ लघवी वाढवणाऱ्या हायड्रोक्लोरोथायझाइडचा. ॲसिडिटीच्या गोळीवरचा ‘डी’ बहुधा डॉम्पेरिडोन. तेव्हा अक्षरावरून अंदाज बांधा, खात्री मात्र खालच्या बारीक अक्षरांतून करा. ‘एसआर’ किंवा ‘एक्सआर’ असेल तर औषध हळूहळू सुटणारं असतं. गोळी कुटू किंवा चावू नका.

‘प्राझोल’ ॲसिड कमी करतात. सकाळी खाण्याआधी अर्धा ते एक तास घ्यायच्या. जेवणानंतर घेतल्या की परिणाम कमी होऊ शकतो. ‘स्टॅटिन’ कोलेस्टेरॉलसाठी, नव्याने सुरू झाल्यावर कारण नसताना मांड्या-पोटऱ्या दुखू लागल्या तर सांगा. शेपूट फसवतंही: नायस्टॅटिन बुरशीवरचं औषध आहे आणि अरिपिप्राझोल मानसिक आजारांवरचं.

‘सिलिन’, ‘फ्लॉक्सासिन’, ‘थ्रोमायसिन’ ही अँटिबायोटिक्स. साध्या सर्दीच्या विषाणूवर त्यांचा उपयोग शून्य. पेनिसिलिनची ॲलर्जी असलेल्याने ‘सिलिन’ दिसलं की थांबायचं. सिप्रोफ्लॉक्सासिन दुधाबरोबर किंवा लोह-कॅल्शियमच्या गोळीबरोबर घेतलं तर अंगी नीट लागत नाही.

पॅरासिटामॉलला शेपूट नाही, म्हणून बेरीजच करावी लागते. ६५० ची गोळी चार वेळा म्हणजे २,६०० मिलिग्रॅम. त्यात ५०० पॅरासिटामॉल असलेली सर्दीची गोळी तीन वेळा, म्हणजे आणखी १,५००. एकूण ४,१००, निरोगी मोठ्या माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४,०००. लिव्हर आधीच नाजूक असेल तर मर्यादा त्याहून कमी. अंगदुखीला आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफेनॅक घेणाऱ्यांनी ताटातली सार्टन आणि ‘एच’ पुन्हा बघावी: तिन्ही एकत्र आल्या की किडनी अडचणीत येऊ शकते, जुलाब-उलट्यांत तर धोका आणखी वाढतो.

आता वहीत तीन रकाने पाडा: औषधाचं खरं नाव, मिलिग्रॅम, कशासाठी. स्ट्रिप कापताना नाव आणि मुदत छापलेली बाजू शेवटपर्यंत राहू द्या. गोळ्या उलट्या टोकाकडून काढा.