त्वचेचं घड्याळ आणि गोव्याचं ऊन: काय लावायचं, किती वाजता लावायचं

त्वचेच्या पेशींना स्वतःचं घड्याळ असतं. मेंदूतलं मुख्य घड्याळ डोळ्यांत शिरणाऱ्या उजेडावर लागतं आणि पेशींतली घड्याळं त्याच्यामागून चालतात. (ही यंत्रणा उलगडणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालं, त्यांनी काम केलं ते फळमाश्यांवर.) दिवसा त्वचेचं काम बचावाचं, तेल सर्वांत जास्त सुटतं ते दुपारच्या सुमारास. रात्री पेशींचं विभाजन वाढतं, त्वचा कोमट होते आणि तिच्यातून पाणीही जास्त उडतं. म्हणून दिवसा झाकायचं, रात्री ओलावा द्यायचा.

सकाळ. पोदेराचा (सायकलवरून पाव विकणाऱ्याचा) भोंगा ऐकू आला की बाहेर पडा. आठच्या आत 15-20 मिनिटं अंगणात किंवा रस्त्यावर, डोळ्यांवर गॉगल न लावता. मुख्य घड्याळ याच उजेडावर लागतं, आणि तेव्हाचं ऊन सौम्य असतं. तोंड साध्या पाण्याने किंवा सौम्य फेसवॉशने धुवा.

ऊन. भारताची वेळ 82.5 अंश रेखांशाची, गोवा मात्र 74 अंशाजवळ. अंशाला 4 मिनिटं धरली तर सूर्य आपल्याकडे सुमारे 34 मिनिटं उशिरा माथ्यावर येतो, ऋतूप्रमाणे 12.20 ते 12.50 च्या दरम्यान. मेच्या सुरुवातीला तर तो अगदी डोक्यावर असतो. दुपारची विश्रांती ही आपली चांगली सवय, पण ती एक वाजता सुरू होते. त्याआधी बाजार, बँक, नुस्तें (मासळी) उरकायची धावपळ 11 ते 1 मध्ये होते, म्हणजे नेमकी कडक उन्हात. ही कामं दहाच्या आत किंवा चारनंतर ठेवा.

एसपीएफ (उन्हापासून संरक्षणाचा आकडा) 30 किंवा जास्तीचं सनस्क्रीन बाहेर पडण्याआधी 15 मिनिटं लावा. चेहरा आणि मान मिळून तर्जनी व मधलं बोट, दोन्हींवर मुळापासून टोकापर्यंत ओढलेली धार, एवढं लागतं. बहुतेक जण याच्या निम्मंही लावत नाहीत, आणि मग क्रीमला दोष देतात. दर 2 तासांनी, शिवाय पोहून किंवा घामाघूम होऊन आल्यावर पुन्हा लावा. दुपारी चेहरा तेलकट झाला तर ओल्या रुमालाने टिपा. तिसऱ्यांदा साबण लावला की त्वचेचं वरचं संरक्षक आवरण बिघडतं. पावसाळ्यातल्या ढगांतूनही अतिनील किरणं येतात.

रात्र. कोमट पाण्याने अंघोळ झोपण्याच्या तासभर आधी. अंग टिपून 3 मिनिटांत मॉइश्चरायझर लावा. बोटाच्या टोकापासून पहिल्या रेघेपर्यंतची धार हे माप धरा: एका हाताला, पंजा सोडून, अशी 3, एका पायाला, पाऊल सोडून, 6. खाज रात्री वाढते ती उगाच नाही: त्वचा गरम झालेली असते, ओलावा कमी होतो, आणि दाह आवरणारं कॉर्टिसॉल हे संप्रेरक तेव्हा सर्वांत खाली असतं. त्यामुळे कोरड्या त्वचेला व इसबाला रात्रीचा हात चुकवू नका. एसी अगदी गार ठेवलात तर हवा आणखी कोरडी होते; 25-26 पुरे.

खोबरेल कोरड्या पायांना उत्तम. पण दमट हवेत पाठीवर, छातीवर चोपडलं तर तिथली शिबं (बुरशीचे डाग) वाढू शकतात, आणि मुरमांच्या चेहऱ्यावर ते नकोच.

रेटिनॉल (अ जीवनसत्त्वाचं रूप, सुरकुत्या-मुरमांसाठीच्या क्रीममधलं) लावत असाल तर फक्त रात्री, कारण उजेडात ते विघटित होतं. वाटाण्याएवढं, पूर्ण कोरड्या चेहऱ्यावर, सुरुवातीला आठवड्यातून दोनदाच. गरोदरपणात अजिबात नाही.

रात्रपाळी. पणजीचा कॅसिनो, किनाऱ्यावरचं हॉटेल किंवा वेर्ण्याचा कारखाना, पाळी कुठलीही असो, वरचा 'रात्री'चा क्रम तुमच्या झोपेआधी करा, मग घड्याळात सकाळचे आठ का असेनात. पाळी संपवून घरी जाताना मात्र गॉगल लावा, म्हणजे उजेड मेंदूला जागं करणार नाही. खोलीत जाड पडदे हवेत. जेवणाची वेळ शक्यतो स्थिर ठेवा: उंदरांवरच्या प्रयोगात खाण्याची वेळ बदलताच त्वचेतल्या दुरुस्ती करणाऱ्या प्रथिनाची लय सरकली. माणसाचं उंदरासारखंच होतं असं नाही, पण भलत्या वेळी जेवण टाळण्यात तोटा काहीच नाही. दर आठवड्याला पाळी बदलणाऱ्यांचं घड्याळ पूर्ण जुळतच नाही. त्यांनी निदान सनस्क्रीन आणि झोपेआधीचं मॉइश्चरायझर, एवढं तरी सोडू नये.

खाजेने झोप मोडत असेल किंवा गोल कडांचे लाल चट्टे दिसले, तर फार्मसीतलं स्टेरॉइड मिसळलेलं मलम लावू नका. नायटा त्याने आधी दबतो, मग पसरतो. त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा.