मराठी वाचायला फोन-टॅब घेताय? पडद्याची पिक्सेल घनता अशी तपासा

नाशिकला एमजी रोडवर किंवा कॉलेज रोडवर टॅब बघायला गेलात की काउंटरवरच्या पडद्यांवर डेमो व्हिडिओ फिरत असतात. फुलं, धबधबे, रात्रीच्या शहराचे दिवे. अशा व्हिडिओत अगदी साधा टॅबही देखणा दिसतो. घरी आणून मुक्त विद्यापीठाच्या पुस्तकाची पीडीएफ उघडली की मग अक्षरांच्या कडा फुटलेल्या दिसतात, जोडाक्षरं गिचमिड होतात आणि अर्ध्या तासात डोळे दुखायला लागतात. म्हणून पडदा घ्यायच्या आधी थोडा हिशेब करा आणि दुकानात तो मराठी मजकुरावरच तपासा.

आधी गणित

पडद्यावरचं चित्र ज्या बारीक बिंदूंनी बनतं ते पिक्सेल. पडद्याच्या एका इंचात किती पिक्सेल बसवलेत, ती त्याची पिक्सेल घनता. तिला पीपीआय म्हणतात. खोक्यावर ती बहुतेकदा लिहिलेली नसते, पण ती काढायला लागणारे दोन्ही आकडे तिथेच सापडतात: रिझोल्युशन (आडवे आणि उभे किती पिक्सेल) आणि पडद्याचा कर्ण. रिझोल्युशनच्या दोन्ही आकड्यांचे वर्ग करून बेरीज करा, तिचं वर्गमूळ काढा आणि त्याला कर्णाच्या इंचांनी भागा.

समजा, फोन ६.५ इंची आहे आणि रिझोल्युशन ७२० बाय १६००. वर्गांची बेरीज ३०,७८,४००. तिचं वर्गमूळ साधारण १७५४. भागिले ६.५, म्हणजे २७० पीपीआय. ६.६७ इंची फोनवर १०८० बाय २४०० असेल तर उत्तर ३९५ च्या आसपास येतं.

हाच हिशेब टॅबला लावला की फरक कळतो. १०.१ इंची टॅबवर १२८० बाय ८०० असेल तर घनता जेमतेम १५० भरते. ११ इंचांवर १९२० बाय १२०० म्हणजे २०६, आणि २५६० बाय १६०० म्हणजे २७४. पिक्सेल तेवढेच ठेवून पडदा मोठा केला की ते विरळ होतात. त्यामुळे ‘फुल एचडी’ हा शब्द फोनवर जितकं सांगतो तितकं टॅबवर सांगत नाही. आणि ‘एचडी प्लस’ वाचून फसू नका. ते फुल एचडी नव्हे, त्यात रुंदीला १०८० ऐवजी ७२० च पिक्सेल असतात.

मग अंतर

किती पीपीआय पुरेत, हे तुम्ही पडदा किती लांब धरता यावर ठरतं. निरोगी डोळ्याला एका अंशाच्या साठाव्या भागाएवढा तपशील वेगळा ओळखता येतो असं धरतात. त्यावरून एक सोपं सूत्र निघतं: ८,७०० ला सेंटिमीटरमधल्या अंतराने भागा. ३० सेंटिमीटरवरून वाचत असाल तर २९० पीपीआय, ४० वरून २१८, ५० वरून १७४. मुलं पडदा बऱ्याचदा २५ सेंटिमीटरवर, म्हणजे पार नाकाजवळ आणतात. तिथे ३४८ लागतात. अर्थात मुलांच्या बाबतीत पीपीआय वाढवण्यापेक्षा अंतर वाढवणं केव्हाही चांगलं.

डोळ्याची ही मर्यादा स्वतः अनुभवायची तर खिशातली जांभळट शंभराची नोट काढा. अशा नोटा आपल्या नाशिकरोडच्या प्रेसमध्येही छापल्या जातात. त्यांच्यावर ‘भारत’ आणि ‘आरबीआय’ अशी सूक्ष्म अक्षरं असतात. हात लांब करून पाहिलं तर ती दिसतच नाहीत, फार तर बारीक रेघ वाटते. भिंग लावलं की अक्षरं उमटतात. पिक्सेलचं तेच आहे: ठरावीक अंतरापलीकडे ते सुटे दिसत नाहीत आणि कड सलग वाटते.

२०१० साली ॲपलने आयफोन ४ आणला तेव्हा त्याचा पडदा ३२६ पीपीआयचा होता. दहा-बारा इंचांवरून पाहताना साधारण ३०० ही डोळ्याची सीमा आहे, असं स्टीव्ह जॉब्स यांनी तेव्हा सांगितलं होतं. बारा इंच म्हणजे ३० सेंटिमीटर. आपल्या सूत्रातही जवळपास तेच उत्तर आलं. २०१२ च्या आयपॅडला मात्र ॲपलने २६४ च दिले, कारण टॅब फोनपेक्षा लांब धरला जातो.

मराठीला थोडं जास्त लागतं

माझं मत असं, की आपण वरच्या उत्तरात थोडी भर घालूनच पडदा निवडावा. इंग्रजी अक्षर एका पट्टीत मावतं. देवनागरीत त्याच उंचीत शिरोरेषा, तिच्यावर वेलांटी, मात्रा, रफार नि अनुस्वार, खाली उकार आणि मध्ये एकावर एक चढलेली जोडाक्षरं, एवढा पसारा बसवायचा असतो. अँड्रॉइडमध्ये १६० पीपीआय हा पाया धरून अक्षरांचे आकार ठरतात. १५० च्या टॅबवर १४ आकाराच्या ओळीला उंचीत सुमारे चौदाच पिक्सेल मिळतात. त्यात ‘राष्ट्र’मधला ट्र बसवायचा कुठे? तेवढ्याच आकाराचं अक्षर ३९५ च्या फोनवर पस्तीसच्या आसपास पिक्सेल घेतं आणि सुबक दिसतं.

त्यामुळे टॅबवर वाचन करणार असाल तर दीडशेचा घेऊच नका. व्हिडिओपुरता तो ठीक आहे. दोनशेच्या पुढचा चालतो. रोज तास-दोन तास वाचणाऱ्या विद्यार्थ्यासाठी मी अडीचशेच्या वरचाच सांगेन, मग कॅमेऱ्यात तडजोड करावी लागली तरी हरकत नाही. फोनला तीनशेच्या पुढे काहीही चांगलं. चारशेच्या पुढे जास्तीचे पैसे टाकून हाती फारसं लागत नाही. उलट पिक्सेल वाढले की बॅटरीवरचा भारही वाढतो.

एक बारकावा अमोलेडचा, म्हणजे ज्यात प्रत्येक बिंदू स्वतःच उजळतो त्या पडद्याचा. एलसीडीत, म्हणजे मागच्या दिव्याने उजळणाऱ्या पडद्यात, प्रत्येक पिक्सेलला तांबडा, हिरवा, निळा असे तीन उपबिंदू असतात. फोनच्या अमोलेड पडद्यांत बहुधा दोनच असतात: हिरवा प्रत्येकात, तांबडा आणि निळा एकाआड एक. म्हणून ३९५ च्या अमोलेडवर तांबड्या-निळ्याची घनता २८० च्या घरात येते. हे पुरेसं आहे. पण २७० चा अमोलेड असेल तर अक्षरांना रंगीत कड दिसू शकते, तिथे सावध राहा.

दुकानात काय कराल

डेमो बंद करायला सांगा. नोट्स ॲप उघडा आणि हे शब्द टाइप करा: राष्ट्रध्वज, उद्ध्वस्त, ज्येष्ठ, शृंगार, कुऱ्हाड. खाली जोड्या लिहा: घर-धर, भात-मात, ठग-ढग. अक्षर नेहमीच्याच आकाराचं राहू द्या. प्रकाश अर्ध्यावर आणा आणि घरी धरता तितक्याच अंतरावर फोन धरा. एकदा पांढऱ्यावर काळं, एकदा डार्क मोडमध्ये वाचा. घ आणि ध वेगळे ओळखायला डोळे बारीक करावे लागले तर तो पडदा तुमचा नव्हे.

मग ब्राउझरमध्ये एखादा सातबारा किंवा मराठी वर्तमानपत्राचं पान उघडा आणि झूम न करता वाचून बघा. शक्य असेल तर दोन टॅब शेजारी ठेवून एकच पान उघडा. फरक लगेच डोळ्यांत भरतो.

आईवडिलांसाठी घेत असाल तर त्यांनाच घेऊन जा. पंचेचाळिशीनंतर फोन आपोआप लांब धरला जातो, तेव्हा कमी घनताही खपते. त्यांना मोठा पडदा आणि दुपारच्या उन्हात अंगणात दिसेल इतका प्रकाश जास्त उपयोगी पडतो.

घरी आल्यावर

काही महागड्या फोनमध्ये सेटिंगमध्ये रिझोल्युशन निवडता येतं आणि ते मुळात खालच्या पातळीवर ठेवलेलं असतं. डिस्प्लेच्या सेटिंगमध्ये बघून घ्या. तिथलाच ‘डिस्प्ले साइज’ मात्र फक्त अक्षरं-चित्रं लहानमोठी करतो, पडद्यातले पिक्सेल त्याने वाढत नाहीत.

अंधुक दिसतंय म्हणून लगेच पडद्याला दोष देऊ नका. व्हॉट्सॲपवर आलेला फोटो आकसून आलेला असतो, स्कॅन केलेली पीडीएफ मुळातच पुसट असू शकते. त्याच फोनचा मेनू किंवा संपर्कांची यादी बघा. ती रेखीव असेल तर दोष फाइलचा. पडद्यावर मॅट (चकाकी कमी करणारी) संरक्षक काच बसवली असेल तर ती काढून बघा, कारण प्रकाश विखुरल्याने तिच्याखालची अक्षरं किंचित फुटतात.

पडदा फुटल्यावर बाहेर बदलून घेतलात तर अमोलेडच्या जागी एलसीडी बसवलेला असू शकतो. दुरुस्तीला देण्याआधी वरच्या शब्दांचा जवळून फोटो काढून ठेवा, फोन परत घेताना तेच शब्द पुन्हा उघडून ताडून बघा, आणि पडद्याचा प्रकार बिलावर लिहून घ्या.