हलक्या हाताची थेरपी घेताय? मग या चुका टाळा

आपल्याकडे कंबर धरली की ठरलेले दोनच उपाय, तेल लावून रगडून मालिश करायची नाहीतर नस बसवणाऱ्याकडे जायचं. त्यामुळे हलक्या हाताच्या थेरपीला कुणी गेलं की दहा मिनिटांत सुरू, "बाये, जरा जोरान दाब मगे, कायच कळना नाय." सगळ्यात मोठी चूक हीच!

या प्रकारातली नावाजलेली पद्धत मोशे फेल्डेनक्राइस (१९०४-१९८४) यांची. माणूस फिजिक्स शिकलेला, ज्युदोतला ब्लॅक बेल्ट, गुडघा दुखावला तेव्हा स्वतःच्याच शरीराचा अभ्यास करत त्यांनी ती बसवली. त्यात दोन भाग, एकात समोरचा माणूस हाताने तुमचं अंग हळूहळू हलवतो आणि दुसऱ्यात तो फक्त बोलतो, हालचाल तुम्ही करायची, लक्ष देऊन. जोर कमी का, तर डोक्यावर २० किलोची आंब्याची पेटी असताना कुणी वर अजून एक आंबा ठेवला तर कळतसुद्धा नाही, पण हातात एकच आंबा असेल आणि दुसरा ठेवला की लगेच कळतं. हा वेबर नावाच्या शास्त्रज्ञाचा नियम. अंगाचंही असंच, जोर लावला की बारीक फरक कळेनासे होतात, आणि इथे सगळं कामच त्या बारीक फरकांवर चालतं.

दुसरी चूक घरी होते. उताणं झोपून गुडघे उभे करायचे, पावलं जमिनीवर, आणि माकडहाडाकडचा भाग किंचित वर वळवून कंबर जमिनीला टेकवायची मग सोडायची, एवढीच हालचाल सांगितलेली असते. पण लोक पोटाला ताण देऊन, दात आवळून, श्वास कोंडून तीसतीस वेळा करतात आणि मग म्हणतात कंबर जास्तच दुखायला लागली! श्वास अडकला म्हणजे जोर जास्त झाला, हालचाल निम्मी करा. सहा-आठ वेळा पुरे, मग पाय लांब करून नुसतं पडून राहा आणि पाठ जमिनीला कुठे टेकतेय ते बघा. हा आराम लोक वेळ वाया म्हणून गाळतात, मला ते अजिबात पटत नाही, कारण फरक कळतो तो तेव्हाच.

गादीवर करू नका, अंग रुततं. पावसाळ्यात लादी गार पडते तर चटईवर वाकळ घाला. आणि सेशन झाल्या झाल्या लावणीला वाकायला किंवा जाळं ओढायला पळू नका, कुशीवर वळून सावकाश उठा, दोन फेऱ्या अंगणात मारा.

एक मात्र नीट ऐका. पडल्यानंतर सुरू झालेलं दुखणं, पाय बधिर होणं किंवा ताकद जाणं, लघवी-संडासवरचा ताबा सुटणं, पाठदुखीबरोबर ताप, यातलं काहीही असेल तर थेरपी नाही, आधी डॉक्टर, आणि ताबा सुटला असेल तर त्याच दिवशी.

हे काही नसेल आणि एकाच बाजूला दुखतंय, तर लोक सगळा वेळ दुखऱ्याच बाजूवर घालवतात. उलटं करून बघा. थेरपिस्टने सांगितलेली हालचाल आधी चांगल्या बाजूने सावकाश करा, मग दुखऱ्या बाजूने नुसती मनात करा, अंग न हलवता, आणि नंतर एकदाच, अगदी थोडी, प्रत्यक्ष. तेवढ्यानेही कळ आली तर त्या दिवशी तिथेच थांबा आणि पुढच्या वेळी थेरपिस्टला नेमकी कुठे आली ते दाखवा, उगाच "बरं आहे" म्हणू नका.