हाताशी थोडेच पैसे आहेत, मग कोणती मदत विकत घ्यावी?

महिन्याच्या शेवटी थोडे पैसे उरतात आणि जीव मेटाकुटीला आलेला असतो. यातून कोणाची तरी मदत घ्यावी असं वाटतं, पण कोणाची? समुपदेशक, व्यायाम शिकवणारा ट्रेनर, मालिश करणारं कोणी, घरकामाला कोणी, कागदपत्रं नि हिशोब लावून देणारं कोणी, की मुलांना किंवा आजारी माणसाला दोन तास सांभाळणारं कोणी? सगळं एकदम परवडत नाही.

माझी पहिली निवड साफ फसली. एका व्यायामशाळेचं वर्षाचं शुल्क मी एकरकमी भरलं. दुसऱ्या महिन्यात जाणं थांबलं आणि पुढचे दहा महिने पाकिटातलं ते कार्ड दिसलं की अपराधी वाटायचं. मनःशांतीसाठी पैसे मोजले होते, पदरात मनस्ताप पडला.

या चुकीचा अभ्यासही झालेला आहे. स्टेफानो डेलाव्हिन्या आणि उल्रिके माल्मेंडियर या अर्थशास्त्रज्ञांनी अमेरिकेतल्या तीन व्यायामशाळांमधल्या ७,७५२ सभासदांच्या नोंदी तपासल्या आणि २००६ साली निष्कर्ष छापले. दरमहा ७० डॉलरहून जास्त वर्गणी भरणारे लोक महिन्यातून सरासरी ४.३ वेळाच येत होते. एक खेप त्यांना १७ डॉलरहून महाग पडत होती. तिथेच दहा खेपांचा पास घेतला असता तर ती १० डॉलरला पडली असती. मदत निवडताना आपण मनात उद्याचा उत्साही माणूस धरतो आणि पैसे मात्र आजच्या थकलेल्या माणसाच्या खिशातून जातात. म्हणून पैसे बाहेर काढण्याआधी पुढच्या पायऱ्या क्रमानेच घ्या.

आधी बघा, हा थकवा आहे की आजार

गेले दोन आठवडे बहुतेक दिवस मन उदास आहे का? एरवी आवडणाऱ्या गोष्टींतही रस उरलेला नाही का? नैराश्याची चाचपणी करायला डॉक्टर ‘पीएचक्यू-९’ नावाची नऊ प्रश्नांची यादी वापरतात, तिच्यातले पहिले दोन प्रश्न याच अर्थाचे आहेत. प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण, एकूण २७. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना भेटायलाच हवं. यादीवरून निदान होत नाही, पण पहिला पैसा कुठे जावा हे कळतं. जुनी पाठदुखी, महिनोन्महिने न लागणारी झोप यांचंही तसंच. घर कितीही लखलखीत ठेवलं तरी त्याने झोप येत नाही.

स्वतःला इजा करण्याचे विचार येत असतील तर बजेट बाजूला ठेवा, जवळच्या माणसाला सांगा आणि त्याच दिवशी डॉक्टर किंवा आपत्कालीन सेवा गाठा.

मग आठवडाभर टोचणाऱ्या जागा टिपा

वही घ्या किंवा फोनवर लिहा. दिवसातून तीन-चारदा तीनच गोष्टी टिपायच्या: किती वाजले, काय करत होतो, मन किती खालावलं होतं (० ते १०). ‘कामाचा ताण’ असलं मोघम लिहू नका. माझ्या वहीतली एक ओळ अशी होती: ‘मंगळवार, रात्री ९.४०, सिंकमध्ये भांडी, पाळी कोणाची यावरून शब्दाला शब्द, ८.’ बुधवारी तीच वेळ, तोच विषय, ७. गुरुवारी भांडी मीच घासली आणि तोंडातून चकार शब्द काढला नाही. आकडा ९!

ऑफिस मला पिळून काढतंय अशी तोवर माझी पक्की समजूत होती. ऑफिसच्या नोंदी ४-५ च्या पुढे गेल्याच नव्हत्या. वही नसती तर मी एखाद्या करिअर मार्गदर्शकाच्या दारात उभी राहिले असते.

आठवड्यानंतर ७ च्या वरच्या नोंदींवर खुणा करा. एकदाच आलेली आपत्ती सोडून द्या. पुन्हा पुन्हा त्याच जागी टोचतंय ते महत्त्वाचं.

खुणेसमोर लिहा: काम नकोय, की येत नाहीये?

काही मदत काम उचलते: केर-फरशी, भांडी, इस्त्री, मुलांना सांभाळणं. ती चालू आहे तोवरच फायदा. काही मदत शिकवते: पैशांचं नियोजन, व्यायामाची पद्धत, पाठीचे व्यायाम, चिंतेला तोंड देण्याची रीत. ती संपते आणि तुमच्याकडे काहीतरी ठेवून जाते, म्हणून पैसे कमी असताना माझा कल हिच्याकडे. तिसरी लाड करते. मालिश घेतल्यावर बरं वाटतं, नाही म्हणत नाही मी, पण सोमवारी सिंक पुन्हा भरलेलंच असतं. लाडाचा नंबर शेवटी.

शिकवणाऱ्याला पहिल्याच भेटीत विचारा, ‘किती भेटींनंतर मला तुमची गरज उरणार नाही?’ नेमका आकडा सांगता आला नाही तरी ‘अमुक भेटींनंतर आढावा घेऊ’ एवढं तरी उत्तर यायला हवं. विचार आणि वर्तन बदलण्यावर भर देणारी सीबीटी ही उपचारपद्धती सहसा ६ ते २० भेटींत आटोपते, त्यामुळे खर्चाचा अंदाज आधी बांधता येतो. जुनाट निद्रानाशावर तर अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संघटनेने २०१६ साली गोळ्यांच्या आधी याच पद्धतीची खास झोपेसाठीची आवृत्ती सुचवली आहे. चार भेटींनंतरही मन मोकळं होत नसेल तर समुपदेशक बदला, त्यात अवघडण्यासारखं काही नाही. गटातली सत्रं आणि वरिष्ठांच्या देखरेखीखाली शिकाऊ समुपदेशक घेतात ती सत्रं बरीच स्वस्त पडतात. ‘लाइफ कोच’ म्हणवून घ्यायला मात्र बहुतेक देशांत परवाना लागत नाही, तेव्हा शिक्षण आणि अनुभव विचारूनच पुढे जा.

काम उचलणारी मदत म्हणजे चैन, हा समज तपासा

इथे बहुतेकांचं मन कचरतं. ‘स्वतःचं काम स्वतः करायला काय झालं?’ हे वाक्य आपल्या डोक्यात कोणाच्या ना कोणाच्या आवाजात वाजतच असतं.

संशोधक अॅशली व्हिलन्स आणि सहकाऱ्यांनी २०१७ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॅनडातल्या ६० नोकरदार माणसांना दोन शनिवार-रविवारी प्रत्येकी ४० डॉलर दिले. एकदा ते वस्तूवर खर्च करायचे, एकदा वेळ वाचेल अशा गोष्टीवर. वेळ वाचवला त्या दिवशी लोक जास्त आनंदी होते आणि वेळेची ओढाताणही त्यांना कमी जाणवली. पण ४० डॉलर मिळाले तर काय कराल, असं नोकरदारांच्या दुसऱ्या एका गटाला विचारल्यावर वेळ विकत घेऊ म्हणणारे निघाले फक्त २ टक्के. ज्याने बरं वाटतं ते आपल्याला सुचतच नाही!

तरी तीन कामं हातची सोडू नका: ज्यात मन रमतं, ज्यात शरीर हलतं आणि ज्यात घरच्या माणसांशी बोलणं होतं. कुत्र्याला फिरवणं दुसऱ्याकडे सोपवून नंतर चालायला जागा शोधत फिरण्यात काय हशील?

फुकटचे मार्ग आधी संपवा

ते काम केलंच नाही तर काय बिघडेल? माझ्या इस्त्रीचं काहीच बिघडलं नाही. आठवड्याऐवजी पंधरवड्याने चालेल का? शेजाऱ्याशी अदलाबदल जमेल का, एक दिवस त्यांची मुलं तुमच्याकडे, एक दिवस तुमची त्यांच्याकडे? एवढं करूनही जे उरेल त्यासाठीच पैसे.

हिशोब मांडा

उरलेल्या प्रत्येक मदतीसमोर दोन आकडे लिहा: महिन्याचा खर्च आणि सुटणारे तास. तासांतून त्या माणसाची वाट बघणं, काम समजावणं, निरोप, सुट्ट्यांची जुळवाजुळव यांचा वेळ वजा करा. ही वजाबाकी सगळे विसरतात. चार तास सुटतात असं वाटणाऱ्या मदतीत एखादा तास असाच जातो. मग सुटणाऱ्या तासांना वहीतल्या सरासरी आकड्याने गुणा आणि खर्चाने भागा. उत्तर मोठं आलं ती मदत वर.

खर्चाची मर्यादा आधीच ठरवा आणि ती उरणाऱ्या पैशांतूनच असू द्या. उसने पैसे काढून घेतलेल्या मदतीचं ओझं महिनाअखेरीस वहीत ९ होऊन उतरतं. पैसे कमी पडले तर तास कमी करा, दर पाडू नका. आपलं सुख दुसऱ्याच्या मजुरीतून कापून काढणं मला पटत नाही, शिवाय पडत्या दरात आलेला माणूस टिकत नाही.

चार आठवडे, एकच मदत

वार्षिक पॅकेज घेऊ नका, कितीही सवलत दिली तरी. दोन मदती एकदम सुरू केल्या तर कशाने फरक पडला हे कळणार नाही. आणि सुटलेल्या वेळेत काय करायचं ते सुरू करण्याआधीच लिहून ठेवा, नाहीतर तो सगळा वेळ फोन खातो. आम्ही लिहिलं होतं, ‘९.४० ला दोघांनी बाहेर एक चक्कर.’ आठवड्यातून तीनदा भांड्यांना माणूस ठेवला. बाकीच्या रात्री भांडी होतीच, पण पाळीचा वाद उरला नाही.

पाचव्या आठवड्यात थांबवून बघा

चांगल्या गोष्टीचीही सवय होते आणि मग तिची किंमत जाणवेनाशी होते. म्हणून चार आठवडे झाले की आठवडाभर मदत थांबवा. घरी येणाऱ्या माणसाला हे पहिल्या दिवशीच सांगून ठेवा आणि त्या आठवड्याचे पैसे कापू नका. वही पुन्हा उघडा. आमच्याकडे तिसऱ्या रात्री ९.४० ला ८ परत आला, तेव्हा मदत कायम केली. तुमचा आकडा जागचा हलला नाही तर मदत बंद करा, तिथे काम करणाऱ्या माणसाला दुसरं काम शोधायला पुरेसे दिवस द्या आणि यादीतला दुसरा क्रमांक घ्या.